दंतशर्करा, दातवण आणि मशेरी : दात घासण्याच्या पदार्थांचा सामाजिक इतिहास (सोलापूरच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

सोलापूरच्या आधुनिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने गिरण्या, हातमाग, १९३० चा मार्शल लॉ आणि कामगार चळवळ या विषयांभोवती झालेले आहे. गिरणीचा पहिला भोंगा होण्यापूर्वी कामगार आणि त्याच्या घरातील स्त्रिया तोंडात काय घालीत होत्या, याची नोंद घेण्याची गरज इतिहासकारांना सहसा वाटलेली नाही. विषय क्षुल्लक आहे, असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक आहे. तथापि शहराच्या पूर्व भागातील एखाद्या किराणा दुकानासमोर क्षणभर उभे राहिले तरी या क्षुल्लक विषयाचे तीन कालखंड एकाच फळीवर मांडलेले दिसतात. टूथपेस्टच्या नळ्या, तांबड्या दंतमंजनाचे डबे आणि त्यांच्या शेजारी, मशेरी भाजण्यासाठी नेली जाणारी तंबाखूची पुडी. ग्राहकाच्या दृष्टीने तिन्हींचा उपयोग एकच, दात घासणे. परंतु या तीन वस्तूंचा परस्परांशी असलेला संबंध वाटतो तितका सरळ नाही.

प्रौढ माणसाच्या दातांवर चढणारे किटण, म्हणजे वैद्यकाच्या जुन्या भाषेतील दंतशर्करा, आणि ते रोखण्यासाठी वापरले गेलेले पदार्थ हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लेखकाचे प्रतिपादन असे की, दात रोज स्वच्छ ठेवणे आणि दातांवर साठून कठीण झालेले किटण काढणे ही दोन कामे प्राचीन वैद्यकाने स्पष्टपणे वेगळी मानली होती. पुढे व्यवहारात आणि बाजारपेठेत ही दोन्ही कामे 'घासणे' या एकाच क्रियेत विरघळून गेली. या सरमिसळीमुळेच तंबाखूसारख्या पदार्थाला दंतमंजनाची प्रतिष्ठा मिळू शकली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्राने हा भेद पुन्हा प्रस्थापित केला, परंतु ज्यांना त्याची सर्वाधिक गरज होती त्यांच्यापर्यंत तो फारसा पोहोचला नाही.

किटणाचे स्वरूप

इतिहासाकडे वळण्यापूर्वी किटण म्हणजे काय ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. दातांवर सतत जंतूंचा एक चिकट, जवळजवळ न दिसणारा थर जमत असतो. दंतवैद्य त्याला प्लाक म्हणतात. हा थर मऊ असेतोवर ब्रशने, काडीने किंवा बोटानेही बऱ्याच प्रमाणात निघतो. तो तसाच राहिला तर लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात उतरू लागतात आणि काही दिवसांतच तो दगडासारखा होतो. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू या दोन जागी किटण विशेष साठते, कारण लाळग्रंथींची तोंडे तेथेच उघडतात. लहान मुलांत ते कमी आढळते, वयाबरोबर वाढत जाते. किटण स्वतः दात कुरतडत नाही. मात्र त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा प्लाक सहज चिकटतो आणि हिरड्यांचा दाह सुरू राहतो. हिरडीच्या खाली उतरलेल्या किटणाबरोबर दाताचा आधारच क्षीण होत जातो.

सोलापूर परिसरात विहिरी-बोअरच्या जड पाण्याला किटणाचा दोष देण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. हंड्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर आणि दातावरचा थर यांत साम्य दिसते, हे खरे. परंतु हंड्यातील थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, तर दातावरचा मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा, आणि त्याचे खनिज पिण्याच्या पाण्यातून नव्हे तर लाळेतून, हिरडीखाली हिरडीतून पाझरणाऱ्या द्रवातून येते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकदा कठीण झालेले किटण कोणत्याही चूर्णाने वा पेस्टने घासून निघत नाही. ते हत्याराने खरवडूनच काढावे लागते. पुढील सर्व इतिहास या एका वस्तुस्थितीभोवती फिरतो.

संहितांतील भेद

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली आहे. त्यांपैकी पंधरा दंतमुळांचे आणि आठ प्रत्यक्ष दातांचे आहेत. या आठांत दंतशर्करेचा समावेश होतो. दातांवर मळ स्थिर होऊन वाळूच्या कणांसारखा खरखरीत होतो आणि दातांचे गुण नाहीसे करतो, असे तिचे वर्णन आहे. तिच्यापुढची अवस्था कपालिका. या अवस्थेत मडक्याच्या खापऱ्या निघाव्यात तसे दाताचे पापुद्रे शर्करेसह सुटतात. चिकित्सास्थानात दंतशर्करेवरील उपाय सांगताना ग्रंथकार कोणतेही दंतमंजन सुचवत नाही. वैद्याने दंतमुळांना इजा न करता शर्करा उपटून काढावी आणि नंतर त्या जागी लाखेचे चूर्ण मधात कालवून चोळावे, असा क्रम आहे. यंत्रशस्त्रांच्या यादीत दंतशंकू नावाचे स्वतंत्र शस्त्र आहे. अष्टांगहृदयातही दात खरवडण्याच्या शस्त्राचा उल्लेख येतो.

याच संहितेत दिनचर्येच्या प्रकरणात दंतधावन येते, आणि ते पूर्णपणे निराळे आहे. बारा अंगुळे लांबीची ताजी काडी, गोड रसासाठी मोह, तिखट रसासाठी करंज, कडूसाठी निंब, तुरटीसाठी खैर, जोडीला मध, त्रिकटू, तेल, सैंधव. हे स्वतःच्या हाताने रोज करावयाचे काम. पहिले काम वैद्याचे, दुसरे गृहस्थाचे. दंतधावनाने दंतशर्करा निघते असा दावा तेथे केलेला नाही, आणि या मौनाला लेखकाच्या मते मोठे महत्त्व आहे. आपल्याकडे आयुर्वेदाचा अभिमान बाळगणारे आणि त्याची टर उडवणारे, दोघेही हा भेद वाचीत नाहीत.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. 'शर्करा' हाच शब्द सुश्रुताने अश्मरीच्या, म्हणजे मूतखड्याच्या, संदर्भातही वापरला आहे. मूत्रमार्गातील खडा आणि दातावरचा खडा यांना एकच नाव देणे हे केवळ बाह्य साम्यावरून झालेले असेल. परंतु या दोहोंमधील खरा दुवा विसाव्या शतकात प्रयोगशाळेत सापडला. त्याकडे आपण पुढे येऊ.

राखुंडी आणि दातवण

ग्रंथांतील काडी गावगाड्यात टिकून राहिली. बाभूळ, निंब, करंज यांच्या काड्या सोलापूर जिल्ह्यासारख्या कोरडवाहू मुलखात बांधावर फुकट मिळत. मात्र शहरातील चाळीत बाभूळ उगवत नाही. तेथे काडीची जागा चूर्णाने घेतली. गोवऱ्यांची राख म्हणजे राखुंडी, लाकडी कोळशाची पूड, मीठ, क्वचित विटेची बारीक पूड. या सर्व पदार्थांचे काम एकच, घर्षण.

घर्षणाचे शास्त्र येथे उपयोगी पडते. खनिजांची कठीणता मोजण्याच्या मोह्स मापात दाताचे वरचे कवच सुमारे ५ वर येते, खडू ३ वर आणि वाळूतील क्वार्ट्झ ७ वर. कवचाखालचा दंतद्रव्याचा थर तर खडूच्याच आसपास मऊ असतो. राखेत आणि विटेच्या पुडीत सिलिकेचे कण असतात. त्यामुळे मऊ प्लाक निघतो, डाग निघतात, दात क्षणभर चकाकतो आणि वर्षानुवर्षांनी हिरडीलगत खाच पडते. किटण मात्र जेथे असते तेथेच राहते. कारण ते साठते आतल्या बाजूला आणि आपले बोट फिरते बाहेरच्या बाजूला. राखुंडीने घासणाऱ्या पिढीचे दात 'पांढरे शुभ्र' होते, अशी आठवण सर्वत्र ऐकू येते. ती खोटी नसावी, परंतु ती आरशात दिसणाऱ्या बाजूची आठवण आहे.

याच्या नेमकी विरुद्ध दिशेने जाणारी परंपरा दातवणाची. आज दातवण म्हणजे दात घासण्याची काडी वा चूर्ण इतकाच अर्थ उरला असला तरी जुन्या मराठीत तो दात काळे करण्याच्या चूर्णालाही लागतो. हिराकस, मायफळ, हिरडा अशा द्रव्यांचे हे चूर्ण सवाष्ण स्त्रिया लावीत, आणि काळे दात हे सौभाग्याचे व सौंदर्याचे लक्षण मानले जाई. उत्तरेत यालाच मिस्सी म्हणत. हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट. मायफळ-हिरड्यात टॅनिन. दोहोंच्या संयोगातून जो काळा रंग तयार होतो त्यानेच आपल्या पूर्वजांनी दौतीतील शाईही केली. ज्या स्त्रियांना अक्षर गिरवू दिले गेले नाही त्यांच्या दातांवर मात्र शाई होती, हा योगायोग चमत्कारिक खराच.

दातवणाने दातावर रंग चढत असे, किटण निघत नसे. तथापि त्याने एक सांस्कृतिक समज रुजवला. काळे, तुरट, झोंबणारे चूर्ण हिरडीला चोळले की दात 'बळकट' होतात, आणि हे चूर्ण विशेषतः स्त्रियांचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून सुशिक्षित मध्यमवर्गात काळ्या दातांची अभिरुची मावळली. समज मात्र मावळला नाही. त्याने दुसरे द्रव्य शोधले.

गिरणी, बिडी आणि मशेरी

हे दुसरे द्रव्य म्हणजे मशेरी. तव्यावर किंवा पत्र्यावर तंबाखू काळी पडेतोवर भाजायची, चुरायची, डबीत भरून ठेवायची आणि तर्जनीने दातांना व हिरड्यांना लावायची. मिसरी, मिश्री ही तिचीच नावे. मिस्सी आणि मिसरी यांतील नादसाम्य, दोन्ही चूर्णांचा काळा रंग आणि दोन्हींचा स्त्रियांशी असलेला संबंध पाहता पहिलीची जागा दुसरीने घेतली, असे मानण्यास वाव आहे. महाराष्ट्रात, गोव्यात आणि सीमाभागात ही सवय पसरलेली आहे. पुरुषही मशेरी लावतात, परंतु ती स्त्रियांच्या व्यसनाचे प्रमुख रूप ठरली, कारण तिला व्यसन म्हटलेच गेले नाही. बिडी ओढणारी बाई निंदेस पात्र होती. मशेरी लावणारी बाई फक्त दात घाशीत होती.

सोलापूरने या सवयीला विशेष अनुकूल भूमी दिली. १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी मिल, आणि तिच्यानंतरच्या गिरण्या यांनी आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून, मराठवाड्यातून आणि तेलुगूभाषक मुलखातून माणसे ओढून आणली. पद्मशाली विणकर आले, त्यांच्या स्त्रिया आल्या. गिरण्यांची व मागांची मंदी आली की घर चालवण्याचा भार बिडीवर पडे. बिडीचे काम घरी बसून करता येते. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणावयाची, हजाराच्या हिशेबाने बिड्या वळून परत द्यावयाच्या. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने या कामगारांच्या सेवाशर्तींची आणि १९७६ च्या कल्याण निधी कायद्याने त्यांच्या औषधोपचार, घरे, शिष्यवृत्ती यांची तजवीज केली. कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहतीत २००६ मध्ये दहा हजार बिडी कामगार स्त्रियांना स्वतःच्या मालकीची घरे मिळाली, ही या शहराच्या कामगार इतिहासातील मोठी घटना होय.

परंतु ज्या घरात सुपात तंबाखू असते तेथे मशेरीसाठी वेगळा खर्च पडत नाही. टूथपेस्ट विकत घ्यावी लागते, मशेरी घरात असते. शिवाय मशेरीची कामे अनेक आहेत. ती तोंड धुण्याचे निमित्त देते, पहाटेची भूक मारते, दाढेचा ठणका काही वेळ बधिर करते, आणि बारा-चौदा तास मान खाली घालून बसलेल्या बाईला उठून दोन मिनिटे मोरीपाशी उभे राहण्याचे कारण देते. मशेरीविरोधी भाषणांत हा शेवटचा मुद्दा कधी येत नाही. तिच्या दिवसात दुसरी कोणती सुट्टी असते, हा प्रश्न वक्त्यांना सुचत नाही.

दातांच्या दृष्टीने या सवयीचा परिणाम उलटा होतो. भाजलेल्या तंबाखूच्या चुऱ्याने किटण निघत नाही, ते काळे होते, आणि काळे झाल्यामुळे बाहेरून किटण म्हणून ओळखूही येत नाही. जेथे बोट रोज फिरते तेथे हिरडी मागे सरते आणि मुळे उघडी पडतात. उघड्या मुळांना थंड-गरम झोंबू लागले की बधिरता आणण्यासाठी मशेरी पुन्हा लावली जाते. सुरुवात दुखऱ्या दातावरचा उपाय म्हणून होते आणि दिवसातून एकदाची सवय चार-पाच वेळांवर जाते. मुखाच्या कर्करोगाचा धोका याहून वेगळा आणि याहून गंभीर आहे.

हे केवळ सोलापूरचे चित्र नाही. मुंबईत १९९०-च्या दशकात सुमारे एक लाख प्रौढांची जी पाहणी झाली तीत ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखूचे सेवन करणाऱ्या आढळल्या. त्यांत धूम्रपान जवळजवळ नव्हतेच, आणि मशेरी हा सर्वाधिक आढळणारा प्रकार होता. मुंबईतीलच १,२१७ गर्भवती स्त्रियांच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. राष्ट्रीय पाहण्यांनुसार महाराष्ट्रातील प्रौढांमधील तंबाखूसेवनाचे प्रमाण २००९-१० मधील ३१.४ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. ही घट स्वागतार्ह आहे. तथापि 'आपण तंबाखू घेता का?' या प्रश्नाला 'नाही, फक्त मशेरी लावते' असे उत्तर देणारी स्त्री कोणत्या रकान्यात मोजली जाते, हे प्रश्न विचारणाऱ्याच्या चिकाटीवर अवलंबून राहते.

पेठेतील मंजन

घरगुती चूर्णांच्या जोडीला कंपन्यांची चूर्णे व पेस्ट कशी आली हा इतिहास बराच परिचित असल्याने येथे त्याचा संक्षेपाने निर्देश करतो. कोलगेट कंपनीने न्यूयॉर्कमध्ये १८७३ मध्ये बरणीतील आणि १८९६ मध्ये नळीतील पेस्ट विकण्यास आरंभ केला. भारतातील तिची कंपनी मुंबईत १९३७ मध्ये नोंदली गेली. फोरहॅन्सने हिरड्यांच्या काळजीला आपल्या जाहिरातीचा गाभा केले. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानींच्या आवाजातील गीतमालेबरोबर बिनाका हे नाव घराघरांत पोहोचले. नोगी कंपनीचे माकड छाप काळे दंतमंजन कोळशाच्या जुन्या सवयीला डबीत बंद करून देत होते. त्याच १९५२ साली केशव विष्णू पेंढरकर यांनी मुंबईत विकोची स्थापना केली. वज्रदंती हे त्यांनी निवडलेले नाव म्हणजे आपल्या कुंपणावरची पिवळी कोरांटी. परदेशी पेस्टला आयुर्वेदिक पर्याय देण्याचा तो प्रयत्न मराठी उद्योजकतेच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून आहे.

या सर्व उत्पादनांत एक साम्य होते. पेस्टमध्ये खडू किंवा डायकॅल्शियम फॉस्फेट, तांबड्या मंजनात गेरू, काळ्यात कोळसा. गाभा घर्षणाचाच होता. बाभूळ, खैर, कोरांटी यांतील तुरट द्रव्ये हिरड्या आवळतात, रक्त येणे काही अंशी थांबवतात. फ्लोराइड, जे अमेरिकेत १९५५ मध्ये क्रेस्टद्वारे बाजारात आले, दाताचे कवच किडीपासून वाचवते. परंतु यांपैकी कोणत्याही द्रव्याचे मुख्य काम किटणाचे कठीण होणे रोखणे हे नव्हते. 'दात मजबूत' या दोन शब्दांत कीड, हिरड्या, किटण, डाग आणि दुर्गंधी असे पाच निरनिराळे प्रश्न जाहिरातींनी एकत्र बांधले, आणि ग्राहकाने ते तसेच स्वीकारले.

मंजन हे औषध की सौंदर्यप्रसाधन, हा प्रश्न अखेर न्यायालयात गेला, आणि तोही आरोग्याच्या नव्हे तर अबकारी कराच्या निमित्ताने. बैद्यनाथच्या 'दंतमंजन लाल'संबंधीचा नागपूर विभागातील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, आणि १९९५ मध्ये न्यायालयाने सामान्य माणूस ज्या दृष्टीने वस्तूकडे पाहतो ती कसोटी लावून ते औषध नसल्याचे ठरवले. विकोच्या उत्पादनांबाबत मात्र अनेक वर्षांच्या खटल्यानंतर निकाल कंपनीच्या बाजूने, म्हणजे आयुर्वेदिक औषध या बाजूने लागला. दोन्ही निकालांमागील कायदेशीर तर्कात येथे शिरण्याचे कारण नाही. चूर्णात काय आहे यावर एवढा खल झाला, पण ते चूर्ण दाताचे नेमके काय करते हा प्रश्न त्यात दुय्यमच राहिला.

किटणरोधक द्रव्ये

ज्या दुव्याचा उल्लेख वर केला तो असा. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके भरपूर असतात की सर्व दातांवर, किंबहुना संपूर्ण तोंडात, सतत खडे व्हावयास हवेत. मूत्राचीही गत तीच. ते का होत नाहीत? १९६२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधक हर्बर्ट फ्लाइश यांनी सहकाऱ्यासह मानवी मूत्रातून पायरोफॉस्फेट हे द्रव्य वेगळे केले आणि ते कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक वाढू देत नाही हे दाखवले. लाळेतही ते असते. स्फटिकाच्या ज्या जागी पुढचा कण येऊन बसावयाचा, ती जागा पायरोफॉस्फेट अडवून धरते. सुश्रुताने एका नावाखाली ठेवलेल्या दोन शर्करांचा प्रतिबंधक एकच निघावा, ही विज्ञानाच्या इतिहासातील सुंदर गोष्ट आहे. याच संशोधनातून पुढे हाडांच्या ठिसूळपणावरील बिस्फॉस्फोनेट औषधे निघाली. या कुळातील फॉस्फेटे पाणी मऊ करण्यासाठी आणि धुण्याच्या पावडरीत त्याआधीपासून वापरात होती. हंड्याशी दाताची तुलना करणारी आपली लोकबुद्धी, कारण सांगण्यात चुकली तरी, उपायाच्या अगदी जवळ होती.

प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने १९८५ मध्ये विरघळणारी पायरोफॉस्फेटे घातलेली क्रेस्ट पेस्ट अमेरिकेत आणली. इतर कंपन्या लगेच मागे आल्या. अडचण अशी की लाळेतील विकरे पायरोफॉस्फेटचे विघटन करतात. त्याला काही काळ टिकवण्यासाठी एका विशिष्ट सहबहुलकाची जोड देण्यात आली. दुसरी वाट जस्ताची. झिंक सायट्रेट, झिंक क्लोराइड यांतील जस्त स्फटिकाची वाढ मंदावते आणि जंतूंनाही आवर घालते. सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट ही पायरोफॉस्फेटचीच लांब साखळी असून ते दाताच्या पृष्ठभागाला अधिक काळ चिकटून राहते आणि डागांवरही काम करते. ट्रायक्लोसान या जंतुनाशकाची सहबहुलकासह केलेली पेस्ट अमेरिकेत १९९७ पासून बरीच गाजली. मात्र या द्रव्याच्या सुरक्षिततेविषयी प्रश्न उपस्थित झाल्यानंतर २०१९ मध्ये कोलगेटने त्या पेस्टचे सूत्र बदलून ते वगळले.

या द्रव्यांचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट आहेत. ती नवे किटण बनण्याचा वेग लक्षणीय प्रमाणात कमी करतात. जुने किटण विरघळवत नाहीत. हिरडीच्या वर काम करतात, खाली पोहोचत नाहीत. काहींच्या तोंडाला त्यांनी झोंबते. म्हणून त्यांचा उपयोग आधी दंतवैद्याकडून दात खरवडून साफ करून घेतलेल्या माणसाला होतो. म्हणजे आपण फिरून संहितेतील क्रमापाशीच येतो, आधी शस्त्र, मग चूर्ण. 'किटण घालवणारी' असे वेष्टनावर वाचून काळवंडलेल्या दातांवर ती पेस्ट महिनोन् महिने घासणारा ग्राहक या क्रमातील पहिली पायरी गाळतो, आणि वेष्टन त्याला तसे सांगत नाही.

पहिल्या पायरीची वाट आपल्याकडे दोन कारणांनी अडलेली आहे. एक खर्चाचे. दुसरे भीतीचे. दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, ही समजूत सोलापुरात सुशिक्षितांतही ऐकू येते. तिला अनुभवाचा आधार आहे. वर्षानुवर्षांच्या किटणाने शेजारचे दात एकमेकांना सांधलेले असतात, आणि ते सांधे निघाले की आधीच सैल झालेला दात सैल असल्याचे कळते. दोष उघडकीस आणणाऱ्यालाच दोष देण्याचा हा प्रकार होय. कलकत्त्यात डॉ. आर. अहमद यांनी १९२० मध्ये देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले, १९४८ मध्ये दंतवैद्यक कायदा झाला. बिडीच्या सुपापासून दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंतचे अंतर मात्र त्यानंतरही फार राहिले.

कायद्यातील विसंगती

तंबाखूयुक्त दंतमंजने आणि पेस्ट बाजारात उघडपणे विकली जात असताना केंद्र शासनाने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली १९९२ मध्ये दात घासण्याच्या पदार्थांत तंबाखू वापरण्यास बंदी केली. उत्पादकांच्या बाजूने या बंदीला आव्हान दिले गेले, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे २००३ मध्ये सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा व्यापक कायदा संमत झाला. त्याच्या परिशिष्टात दहा पदार्थांची यादी आहे, सिगारेट, सिगार, बिडी, तपकीर, गुटखा इत्यादी. त्या यादीतील दहावी नोंद 'तंबाखूयुक्त दंतमंजन' अशी आहे. म्हणजे एका कायद्याने जी वस्तू बनवण्यासच मनाई केली, ती दुसऱ्या कायद्याने जाहिरातबंदी आणि इशाऱ्याच्या अटी लावून नियमित होणाऱ्या वस्तूंत धरली. दोन्ही कायद्यांचे हेतू चांगले होते. सौंदर्यप्रसाधनांचा कायदा वस्तूचे घटक पाहतो, तंबाखूचा कायदा वस्तूचे वर्ग पाहतो, आणि मशेरी या दोहोंच्या मधून निसटते. दुकानदार ती मंजन म्हणून विकत नाही, तंबाखू म्हणून विकतो, त्यामुळे पहिला कायदा त्याला लागू पडत नाही. तिचे मंजन होते ते पुढे, घरी, तव्यावर. बिडी कामगार स्त्रीच्या बाबतीत तर दुकानाचाही प्रश्न नसतो. सुपात उरलेला चुरा तिच्या हाताशी असतोच.